रुमालात वाळवलेलं विरजण

लीड्स, १४ ऑक्टोबर २०२४

चि. आर्या,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. मी ते शेवटी लिहीन, तोवर उरले तर.

मुद्दाम मराठीत लिहितेय. तुला ओठ हलवत, एकेक अक्षर लावत वाचावं लागेल. लागू दे. शुक्रवारी तुझ्या प्रदर्शनातली पाटी मी एका दमात वाचली, कारण ती इंग्रजीत होती आणि माझ्याबद्दल होती.

मी न जेवता निघून गेले म्हणून तुला वाईट वाटलं, असं ऑर्लाने फोन करून सांगितलं. तुझ्या या प्रकल्पातलं सगळं शास्त्र ऑर्लाचं, आणि शास्त्रातल्या माणसाला माणसांतलं फारसं कळत नाही हे मी स्वतःवरून सांगते, म्हणून तिच्यावर माझा राग नाही. पण वाईट वाटायला तुला काय झालं गं?

मे महिन्यात मी आठवडाभर तुझ्याबरोबर फिरले ते विसरलीस? उत्तर आयर्लंडमधल्या डेरी गावाच्या पलीकडचे ते अरुंद रस्ते, जिथे देश बदलल्याची पाटीसुद्धा नाही. कडेची पांढरी रेघ पिवळी झाली की समजायचं, आता आयर्लंड. तू ओढ्याच्या अलीकडचा चिखल घ्यायचीस, मग पलीकडचा. पुलाच्या कठड्यावरचं शेवाळ, दलदलीतलं काळं पाणी, कस्टम्सच्या ओसाड चौकीची भिंत. मी दुखरी कंबर घेऊन तुझ्यावर छत्री धरून उभी. जिवाणू वाढवायच्या अगार प्लेटवर नमुना कसा ओढायचा हे मी शिकवलं. नाव झाकणावर लिहायचं नाही, तळाला लिहायचं, कारण झाकणं बदलतात, हेही मीच शिकवलं. अख्खी नोकरी हॉस्पिटलच्या मायक्रोबायॉलॉजीत गेली माझी. वाटलं, चला, पोरीने शेवटी आईच्या कामाकडे वळून पाहिलं.

आणि प्रदर्शन छानच होतं, ते मी नाकारत नाही. त्या चौकीत लांबच लांब टेबल, एका बाजूला उत्तरेकडच्या प्लेटी, दुसऱ्या बाजूला दक्षिणेकडच्या, आणि कुठली कुठली ते लोकांनी ओळखायचं. कोणालाच ओळखता आलं नाही. मलाही नाही. ज्या रेघेपायी माणसांनी एकमेकांचे जीव घेतले, ती रेघ जिवाणूंच्या गावीही नाही. मला अभिमान वाटला आणि मी तो ऑर्लाजवळ बोलूनही दाखवला. मग मी टेबलाच्या टोकाला गेले.

तिथे एकटी, दिव्याखाली, माझ्या दह्याची प्लेट. आणि पाटी: 'माझ्या आईची समजूत आहे की हे दही तिच्या आईचं, १९८३ साली रुमालात वाळवून भारतातून आणलेलं. तपासणीनुसार हे ब्रिटिश सुपरमार्केटमधलं नॅचरल योगर्ट आहे.'

माझी समजूत! शेजारची एक बाई 'हाउ लव्हली' म्हणाली. दह्याला म्हणाली की मला, ते कळलं नाही.

तुला गोष्ट पाठ आहे, तरी पुन्हा सांगते, कारण तुझ्या पाटीवर ती एका ओळीत उरकली आहेस. मी लग्न होऊन निघाले तेव्हा मिरजेला तुझ्या आजीने माझ्या वडिलांचा धुतलेला रुमाल दह्यात भिजवला, सावलीत वाळवला, पुन्हा भिजवला, पुन्हा वाळवला. हीथ्रोला कस्टम्सच्या माणसाने तो कडक झालेला रुमाल दोन बोटांत धरून विचारलं, हे काय? मी म्हटलं, हँकी, सर. इथे आल्यावर पहिल्या दोन वेळा लागलं नाही. तिसऱ्यांदा बॉयलरच्या उबदार कपाटात, टॉवेलांच्या मध्ये ठेवलं आणि सकाळी घट्ट कवडी दही. मी एकटीच त्या कपाटासमोर उभी राहून हसले होते. या देशात मला कोणी ओळखत नव्हतं, पण ते दही मला ओळखत होतं.

नंतर लीड्समधल्या अर्ध्या मराठी घरांत ते गेलं. अजून लोक 'अलकाचं विरजण' म्हणतात. आणि फेब्रुवारीत तुझं प्रदर्शन लीड्सला येतंय. तुझी सुप्रभामावशी येणार, मराठी मंडळाची सगळी येणार. ती प्लेट त्याआधी काढ. बाकी चिखल, शेवाळ काय मांडायचं ते मांड.

आशीर्वाद उरले नाहीत.

आई


लीड्स, ९ नोव्हेंबर २०२४

आर्या,

दिवाळीला तुझं पणतीचं चित्र आलं. प्लेटीबद्दल अक्षर नाही.

मी स्वस्थ बसले नाही. आधी वाटलं, तुझ्याकडून नमुना दूषित झाला असेल. तुझं स्वयंपाकघर मी पाहिलंय. म्हणून मी इथून ताजा नमुना जयंतला दिला. जयंत माझा ट्रेनी होता, आता माझ्या जागी आहे. मी म्हटलं, जयंत, कुतूहल म्हणून कर. बिचाऱ्याने केलं. अहवाल द्यायला स्वतः घरी आला, आणि जिना चढतानाचा त्याचा चेहरा बघूनच मला कळलं. वाईट बातमी द्यायची असली की तो आधी हवामानाबद्दल बोलतो, ते मीच त्याला शिकवलंय.

तुझं खरं आहे. मधल्या वर्षांत माझ्या घरचे चार जिवाणू त्यात घुसले आहेत, पण मूळ बी कारखान्यातलं. हातच्या काकणाला आरसा कशाला, तसं मला वाटायचं, माझ्या दह्याला मायक्रोस्कोप कशाला? मी अख्ख्या यॉर्कशरच्या नमुन्यांवर संशय घेतला, आणि घरातल्या भांड्यावर एकदाही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पण आता मी तुला एक प्रश्न विचारते, आईच्या नात्याने नाही, मायक्रोबायॉलॉजिस्ट म्हणून. तू ते तपासायला का दिलंस?

माझ्याकडे जन्मभर डॉक्टर लोक नमुने पाठवायचे. काही दिसल्याशिवाय कोणी पाठवत नाही. कोणाला ताप दिसतो, कोणाला पू दिसतो. दह्याला ना ताप ना पू. दही दह्यासारखं लागत होतं, तूच दोन वाट्या खायचीस. मग तुला काय दिसलं होतं? चिखलाच्या प्रकल्पात आईचं दही आणायची बुद्धी तुला उगाच झाली नाही. तुला उत्तर आधी ठाऊक होतं. ऑर्लाकडून तू फक्त शिक्का मारून घेतलास.

खरं सांग. फोनवर सांग, कशावरही सांग.

आई


लीड्स, २४ नोव्हेंबर २०२४

आर्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. तू रडत होतीस आणि मधेच कुत्रा भुंकत होता, म्हणून पुन्हा ऐकला. इथे उतरवून काढते, नंतर तू 'मी असं म्हटलंच नव्हतं' म्हणायला नको.

'आई, प्लीज ऐक ना. तू आजीकडे गेली होती, आजी सिक होती तेव्हा. बाबाने दही बॉयलरच्या कपाटात ठेवला आणि विसरला. मग ते सगळा पिंक-पिंक झाला होता. बाबा खूप घाबरला. त्याने भांडी फेअरी लिक्विडने धुतली आणि आम्ही कारमधून जाऊन योगर्ट आणला, आणि दूधमध्ये टाकला. मग तू आली, आणि तू खाल्ली, आणि तू रडली ना आई. तू म्हणाली, आईची चव. बाबाने माझ्याकडे असा बघितला. नंतर म्हणाला, आईला कधीच सांगायचं नाही, प्रॉमिस. मी आठ वर्षाची होती, आई. आय डिडन्ट नो हाउ टू स्टॉप.'

बरं.

१९९६. मी मिरजेहून आईला शेवटचं पोचवून आले होते. विमानतळावरून घरी येऊन हात धुतले, भाताबरोबर ते दही खाल्लं, आणि जे तिकडे चारचौघांत आलं नव्हतं ते रडू तुमच्या दोघांसमोर आलं. जरा गोड लागलं होतं. मला आठवतंय, गोड लागलं होतं. मी म्हटलं, आईच आहे, जाता जाता गोड झाली.

आणि तुम्ही दोघं बघत होतात.

तुझ्या बाबांनी दही नासवलं याचा मला राग नाही. ज्या माणसाने ऑपरेशन थिएटरात हजारो लोकांना भूल दिली आणि सगळ्यांना जागं केलं, त्याला एक भांडं सांभाळता आलं नाही, यात मला नवल वाटत नाही. मला राग आहे तो पुढच्या वर्षांचा. मी दर संक्रांतीला, दर पाहुण्याला ती रुमालाची गोष्ट सांगायची आणि तुझे बाबा मान हलवायचे. हीथ्रोच्या माणसाची नक्कल तेच करायचे! मी बोलत असताना तुम्ही एकमेकांकडे बघत असाल. आता मला प्रत्येक जेवण आठवतं, आणि प्रत्येक जेवणात मी मूर्ख दिसते. तुम्हाला वाटलं, तुम्ही मला जपताय. तुम्ही माझी कीव करत होतात.

ते गेले त्याला तीन वर्षं झाली. भांडायला माणूस नाही. राहिलीस तू, तेव्हा चोर सोडून संन्याशाला फाशी म्हण हवं तर. पण तू आता आठ वर्षांची नाहीस. ते गेल्यावर माझ्या समोर बसून, माझा हात हातात घेऊन सांगता आलं असतं. तू काय केलंस? तोंडाने निघेना म्हणून पाटीवर लिहिलंस, दोन देशांच्या मध्ये, वर दिवा लावून. अनोळखी लोकांना आधी आणि मला मागाहून.

आई


लीड्स, १५ डिसेंबर २०२४

आर्या,

तुझी तीन कार्डं आली. उत्तर दिलं नाही, कारण मी एका कामात होते.

तुझा मेसेज ऐकल्यावर मनात आधी राग होता. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना एकदम हात थांबले. १९९६! म्हणजे त्याच्या आधी ज्यांनी माझ्याकडून विरजण नेलं, त्यांच्याकडे तर खरं आहे! आईचं दही माझ्या घरात मेलं असेल, पण लोकांच्या घरांत असेल. म्हणून तर आपल्यात विरजण मागायला कोणी लाजत नाही आणि द्यायला कोणी नाही म्हणत नाही. आपलं नासलं की ज्याला दिलं होतं त्याच्याकडून परत आणायचं.

आधी बेसिंगस्टोकला शशीला फोन केला, तिने १९९६ च्या आधी नेलं होतं. ती म्हणाली, 'अगं, ते तर आम्ही केव्हाच सोडलं. वीरला ना ओन्ली ग्रीक योगर्ट चालतं, मग कोण एवढा हॅसल करणार?' नातवावर ढकललं. मी इतकी वर्षं तिला विचारत आले, दही कसंय, आणि ती म्हणत आली, फर्स्ट क्लास. ब्रिस्टलच्या अर्चनाने नेलं ते २००३ साली, म्हणजे तिच्याकडेही तुझ्या बाबांचंच.

लीड्समधल्या बाकीच्यांनी एकतर सोडलं होतं, नाहीतर १९९६ नंतर नेलं होतं. उरली सुप्रभा. सुप्रभाने १९९१ साली नेलं होतं, नव्या घरात राहायला आल्या आल्या. आपल्यापासून दोन रस्ते सोडून. तू तिला मावशी म्हणतेस, तिच्याकडे शाळेतून थेट जायचीस. ताकाला जाऊन भांडं लपवू नये, म्हणून मी चिनी मातीचा सट उघड हातात धरूनच गेले. पावसात. एकोणसत्तराव्या वर्षी कोणाच्या दारात जाताना माझं काळीज असं उडेल, असं वाटलं नव्हतं.

सुप्रभाने दार उघडलं. 'अलका! अगं, भिजलीस पूर्ण, आत ये आधी, हीटिंग ऑन आहे.' मी कोट न काढताच विचारलं, तुझ्याकडचं दही माझं ना? ती म्हणाली, 'म्हणजे काय, ऑफ कोर्स तुझंच.' मी ओल्या कोटासकट खुर्चीवर बसले. ती फ्रिजमधून वाटी घेऊन आली. घट्ट, पांढरं. मी चमचा तोंडाजवळ नेला आणि तिने आपलं सहज पुढे सांगितलं.

'ते जुनं नव्हे हं. ते आमचं नाइंटी-एटला मेलं. आम्ही महिनाभर इंडियाला गेलो नाही का, फ्रिज बंद करून? मग तुझ्याकडूनच परत नेलं की मी. तू तेव्हा आजारी होतीस, तुझ्या पद्माकरनीच दिलं बाऊलमध्ये. विसरलीस?'

मी चमचा खाली ठेवला. चहा घेतला, तिच्या गुडघ्यांची हकीगत ऐकली, आणि सट तसाच रिकामा घेऊन परत आले.

तुला समजलं का, मला काय कळलं ते? समजावून सांगते, ओठ हलवून नीट वाच. तुम्ही दोघं गाडी काढून सुपरमार्केटला गेलात, त्या दिवशी माझ्या आईचं दही दोन रस्ते पलीकडे सुप्रभाच्या फ्रिजमध्ये जिवंत होतं. त्याच्या पुढे दोन वर्षं जिवंत होतं. तुझ्या बाबांनी फक्त तिचं दार वाजवायचं होतं. कुठल्याही मराठी बाईला हे ठाऊक असतं. त्यांना ठाऊक नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली. बरं, तेही सोडून देते. पण मी जेवताना रडले तेव्हा दोघांपैकी एकाने तोंड उघडलं असतं, तर मी चिडले असते, दोन दिवस अबोला धरला असता, आणि तिसऱ्या दिवशी सुप्रभाकडून वाटीभर आईला घरी आणलं असतं.

पुढे सुप्रभा बाऊल घेऊन आली तेव्हा तरी सांगायचं. तेव्हाही त्यांनी निमूटपणे तिला दुकानातलं दिलं.

दही नासणं हा अपघात. त्याला तुम्ही मारलं नाहीत. त्याला मारलं ते तुमच्या गप्प बसण्याने.

आई


लीड्स, १० फेब्रुवारी २०२५

चि. आर्या,

काल तुझं प्रदर्शन बघून आले. तू सकाळी असतेस हे विचारून घेऊन दुपारी गेले.

प्लेट तिथे होती. मी काढ म्हटलं होतं, तू काढली नाहीस. सुप्रभा माझ्यासोबत होती. पाटी तिने दोनदा वाचली. मी वाट बघत होते, आता ही काय म्हणते. ती म्हणाली, 'मग त्या दिवशी तू सट घेऊन आली होतीस ते...' तिने माझा दंड धरला आणि आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. नंतर म्हणाली, 'पद्माकर असे का गं वागले? मी नाही म्हटलं असतं का?' तीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी बरोबर प्रश्न विचारला. तुझी प्लेट तिथे नसती तर तोही विचारला गेला नसता, एवढं श्रेय तुला देते. जास्त मागू नकोस.

आता कामाचं. प्लेट राहू दे, पण पाटी चूक आहे. मी शिकवलं होतं, नमुन्यावर तो जिथून आला त्याचं नाव हवं. तू माझं नाव लिहिलंयस. माझ्या आईचा नमुना १९९८ साली सुप्रभाच्या फ्रिजमध्ये संपला. तुझ्या प्लेटीतला माझा नाहीच. तो पद्माकर आणि आर्या यांचा आहे, तसं लिही. 'समजूत' हा शब्द खोड. माझी समजूत नव्हती, मला तसं भासवण्यात आलं होतं. इंग्रजीत कसं लिहायचं ते तुला येतं.

सुप्रभाने विचारलं, आता घरी काय करतेस, दही लावतेस का? हो. तुझा मेसेज ऐकला त्या दिवशी दह्याचं भांडं सिंकमध्ये उपडं करायला घेतलं होतं. फेअरीची बाटलीही हातात होती. जमलं नाही. ते आईचं नाही. पण तुझ्या बाबांनी घाबरून, पोरीला गाडीत घालून, मला रडू येऊ नये म्हणून आणलं, आणि मला रडवलं. त्या माणसाच्या हातचं या घरात जिवंत असं तेवढंच उरलंय. रोज सकाळी मी त्यांना मनातून चार शिव्या देते आणि त्यांचं दही खाते.

ऑर्ला सांगत होती, प्रकल्पात वापरलं म्हणून तुझ्याकडचं तू नियमाप्रमाणे नष्ट केलंस. बरोबर केलंस, लॅबच्या बाकावर गेलेलं पुन्हा स्वयंपाकघरात आणायचं नसतं. म्हणजे आता आपल्या दोघींत फक्त माझ्याकडे आहे. माझ्यानंतर आपल्या घरात तेही नाही.

पोस्टाने पाठव म्हणून तुझा निरोप आला होता. पाठवणार नाही. रुमालातही वाळवून देणार नाही. हवं असेल तर रिकामं भांडं घेऊन ये आणि बेल वाजव, सगळे वाजवतात तशी.

आशीर्वाद आहेत. तेही तेव्हाच मिळतील.

आई